पिशवी आधी, ब्लाउज नंतर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत शिवणयंत्र आहे, गळका नळ आहे, मोडी आहे, मेथी आहे. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेकांचं दुखणं सारखंच दिसतं: पहिलंच काम फार मोठं निवडलं, ते मध्येच अडलं आणि मग सगळंच गुंडाळून ठेवलं. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी एका बैठकीत संपेल असं काम सांगितलं आहे. ते जमलं की नाही, हे डोळ्यांना लगेच दिसलं पाहिजे.

प्रश्न: सासूबाईंचं जुनं पायमशीन दुरुस्त करून घेतलं आहे. निवृत्तीनंतर शिवण शिकायचं ठरवलं. व्हिडिओ बघून ब्लाउज शिवायला घेतला, पण दोरा सारखा तुटतो आणि कापडाखाली दोऱ्याचं घरटं तयार होतं. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) बदलली, तरी तेच. वय झाल्यावर हे जमत नाही का? (एक वाचक, सांगली)

वयाचा इथे काही संबंध नाही. ब्लाउज मात्र आत्ता बाजूला ठेवा. टक्स, बाही, गळा, हूकपट्टी अशी चार अवघड कामं एकाच कपड्यात येतात. त्यातलं एक चुकलं तरी कपडा अंगावर बसत नाही.

पहिल्या दिवशी दोरा लावूच नका. उजवीकडच्या चाकाच्या मधोमध एक गोल मोठा स्क्रू असतो. चाक एका हाताने घट्ट धरून तो स्क्रू आपल्याकडे फिरवून सैल करा. आता चाक फिरेल, पण सुई जागची हलणार नाही. या स्थितीत नुसतं पायडल मारायला शिका. चाकाचा वरचा भाग नेहमी आपल्या दिशेने यायला हवा. पायमशीनवर नवशिक्याचा दोरा तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, की सुरुवात करताना चाक क्षणभर उलटं जातं. म्हणून आधी हाताने चाक आपल्याकडे ओढायचं आणि त्या गतीत पाय मिळवायचा. थांबवतानाही हात चाकावरच हवा. पंधरा-वीस मिनिटांत पायाला लय सापडते. चाक दहा वेळा सुरू करून दहाही वेळा सरळच फिरलं, की त्या दिवसाचं काम झालं.

दुसऱ्या बैठकीत स्क्रू घट्ट करा. सुई लावा, दोरा नको. वहीचा रेघांचा कागद फुटाखाली (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या धातूच्या पायाखाली) घाला आणि रेघेवरून भोकं पाडत जा. रेघ सुटली तर भोकं चुगली करतात. कोपरा आला की सुई कागदात खाली रुतवून थांबा, फूट उचला, कागद वळवा, फूट टाका, पुढे चला. कागदाने सुईची धार जाते, म्हणून ही सुई सरावालाच ठेवा आणि कापडासाठी नवी घ्या. घरगुती मशीनला साध्या सुती कापडासाठी १४ नंबरची सुई चालते. मलमल किंवा रेशमासाठी ११, जाड खादी किंवा पडद्याच्या कापडाला १६.

आता घरट्याकडे वळू. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनवर संशय घेतात. गुन्हेगार बहुतेक वेळा वरचा दोरा असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसला की सैल सुटतो आणि खाली गोळा होतो. फूट खाली असताना या चकत्या आवळलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा दोरा ओवला तर तो चकत्यांच्या आत शिरतच नाही. म्हणून दोरा ओवताना फूट वर हवं. ओवून झाल्यावर फूट खाली टाका आणि दोरा हळूच ओढून बघा. अडकत अडकत आला पाहिजे. सहज सुळकन आला तर पुन्हा ओवा.

सुई उलटी बसली असेल तर टाकाच पडत नाही, किंवा टाके सुटतात. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने नेढ्यात शिरतो. मशीनवरची शेवटची दोरा अडकवायची कडी ज्या बाजूला असेल, त्या बाजूला ही खाच यायला हवी. सुई वरपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची दहा सेंटिमीटर टोकं फुटाच्या मागे बोटांनी धरून ठेवा आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत सोडू नका. एवढ्यानेच निम्मी घरटी थांबतात.

टेन्शन तपासायला वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावा आणि चिंधीवर वीतभर शिवण घाला. खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, अर्धा फेरा आवळा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर ते जास्त घट्ट आहे. बॉबिन केसच्या बारीक स्क्रूला शक्यतो हात लावू नका. तो पाव फेरा फिरला तरी सगळा हिशेब बदलतो.

यानंतरचं काम म्हणजे बाजाराची पिशवी. जुन्या सुती चादरीचा ४२ × ९० सेंटिमीटर तुकडा घ्या. ९० सेंटिमीटरच्या दोन्ही टोकांना आधी १ आणि मग ३ सेंटिमीटर दुमडून शिवा. नंतर कापड सुलट बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडा आणि दोन्ही कडा अर्धा सेंटिमीटर आत शिवा. मग पिशवी उलटी करून त्याच कडा पुन्हा एक सेंटिमीटर आत शिवा. सुटे धागे या दोन शिवणींत बंद होतात आणि पिशवी भाजीच्या वजनाला उसवत नाही. बंदांसाठी ८ × ६० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या चार पदरी दुमडून २ सेंटिमीटर रुंद करा. त्या कडेपासून १० सेंटिमीटर आत, चौकोन आणि त्यात फुली घालून पक्क्या करा. तयार पिशवी साधारण ३९ × ४१ सेंटिमीटरची होते. अशा तीन पिशव्या करा. पहिल्या आणि तिसऱ्या पिशवीच्या शिवणी शेजारी ठेवल्यात, की ब्लाउज कधी घ्यायचा हे विचारायला तुम्हाला पत्र लिहावं लागणार नाही. त्याआधी उशीचा अभ्रा मात्र जरूर करा.

प्रश्न: चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये कोथिंबीर लावायचा तीनदा प्रयत्न केला, काहीच उगवत नाही. बाग करणं माझ्या नशिबात नाही असं वाटू लागलंय. (ठाणे)

कोथिंबीर हे नवख्याचं पीक नाही, तरी सगळे तिथूनच सुरुवात करतात. मेथीने सुरुवात करा. मुंबईच्या किनारपट्टीवर वाळूत वाढवलेली ती बोटभर उंचीची समुद्र मेथी बाजारात बघितली असेलच. तुम्हाला तेवढीच काढायची आहे.

मिठाईचा साधारण ३० × २० सेंटिमीटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि तापलेल्या खिळ्याने बुडाला सात-आठ भोकं पाडा. त्यात सहा-सात सेंटिमीटर मातीचं मिश्रण भरा: दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. स्वयंपाकघरातल्या डब्यातले दोन मोठे चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवा, सकाळी मातीवर सारखे पसरा आणि वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा. पाणी तांब्याने ओतू नका, दाणे वाहून एका कोपऱ्यात जमतात. फवारणीची बाटली वापरा. तीन-चार दिवसांत अंकुर दिसतात आणि बारा-पंधरा दिवसांत डाळीत किंवा पिठल्यात घालण्याइतकी मेथी तयार होते. कात्रीने कापा. ती पुन्हा फारशी फुटत नाही, म्हणून दर आठवड्याला दुसरा डबा पेरला तर खंड पडत नाही.

रोपं उगवून बुडाशी काळी पडून लोळली, तर पाणी जास्त झालं. रोपं उंच, फिकट आणि खिडकीकडे झुकलेली असतील तर ऊन कमी पडतंय. रोज किमान तीन-चार तास ऊन हवं.

आता कोथिंबिरीबद्दल. तुमचं उगवलं नाही याची कारणं बहुधा तीन. एक, धणा अखंड पेरला. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर लाटण्याने हलकं रगडून त्याचे दोन भाग करायचे. चुरा करायचा नाही. दोन, वाट पाहिली नाही. मेथी चौथ्या दिवशी दिसते, तर धण्याला आठ ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात लोक माती उकरून बघतात आणि फुटलेलं बी मोडतं. तीन, महिना चुकला. एप्रिल-मेच्या उन्हात धणे नीट उगवत नाहीत, आणि उगवले तरी पानं धरण्याआधी फुलावर येतात. गणपती झाल्यावर पेरा आणि माघापर्यंत पेरत राहा. धणे भाजलेले नसावेत, हे वेगळं सांगायला नको.

ग्रिलमध्ये ठेवताना डब्याखाली ताटली ठेवा. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी पडलं की बागेपेक्षा भांडण जोमाने वाढतं.

आणि लगेच काहीतरी हिरवं बघायचं असेल तर बाजारच्या जुडीतल्या पुदिन्याच्या चार जाड काड्या घ्या. खालची पानं काढून काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवा आणि एक दिवसाआड पाणी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात, मग कुंडीत लावा.

प्रश्न: बेसिनचा नळ टपटपतो. प्लंबर एवढ्याशा कामाला येत नाही, आला तर म्हणतो सगळा नळच बदला. घरात मी एकटीच असते. हे काम स्वतः करता येईल का? (पुणे)

येईल. पण आधी दोन सोपी कामं करा, म्हणजे हाताला धीर येईल.

पहिलं काम, बंद करण्याचे कॉक शोधा. बेसिनखाली भिंतीतून जिथे नळी येते तिथे छोटा अँगल कॉक असतो. तो बंद केला की फक्त त्याच नळाचं पाणी थांबतं. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो आणि क्षारांनी जाम झालेला असतो. तो हाताने फिरत नसेल तर जोर लावू नका. गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या घरात येणाऱ्या पाईपचा मुख्य कॉक कुठे आहे हे विचारून घ्या. पाणी बंद करता येतं याची खात्री होईपर्यंत नळाला पाना लावायचा नाही.

दुसरं काम, नळाच्या तोंडाची जाळी. पाण्याची धार वाकडी किंवा बारीक येत असेल तर ही जाळी हाताने फिरवून काढा (पकड लावायची झाल्यास मध्ये कापड धरा, नाहीतर चकाकीवर ओरखडे उठतात) आणि अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. जुन्या टूथब्रशने घासून परत लावा. धार सरळ झालेली दिसते. भिजवण्याचा वेळ सोडला तर पाच मिनिटांचं हे काम बोअरच्या पाण्याच्या घरात दर दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं.

आता गळतीकडे. नळ बंद करायला मूठ बरेच फेरे फिरवावी लागते की पाव फेऱ्यातच नळ बंद होतो, ते बघा. दोन्हींची दुरुस्ती अगदी वेगळी आहे.

बरेच फेरे लागत असतील तर आत रबरी वायसर आहे. कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर पहिला स्क्रू सरळ मोरीत जातो. नळ एक-दोन फेरे उघडाच ठेवा. मूठ काढून खालचा मोठा नट पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा. हे करताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरणं फार महत्त्वाचं आहे. नळ भिंतीतला असेल तर सगळा जोर आतल्या पाईपवर जातो, जुना जोड तडकतो आणि दहा रुपयांच्या वायसरपायी टाइल फोडायची वेळ येते. आतला भाग बाहेर आला की त्याच्या टोकाला वायसर दिसेल. तो कडक झालेला, किंवा मध्ये गोल खळगा पडलेला असेल. तोच दुकानात नेऊन तशाच मापाचा आणा. बसवण्यापूर्वी नळाच्या आत बोट फिरवून बघा. ज्या पितळी कडेवर वायसर टेकतो, ती खडबडीत लागली तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत गळेल. अशा वेळी नळ बदला म्हणणारा प्लंबर खरंच बरोबर सांगत असतो.

नळ पाव फेऱ्याचा असेल तर वायसर शोधत बसू नका. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. वाळूचा कण अडकला की त्यांना चरा पडतो आणि पाणी झिरपतं. याची दुरुस्ती होत नाही, आतला अख्खा स्पिंडल बदलायचा. मुठीवर लाल-निळं टोपण असेल तर ते नखाने उचला, खाली स्क्रू असतो. जुना स्पिंडल दुकानात न्यायलाच हवा, कारण मूठ बसते त्या टोकावरच्या दातांची संख्या कंपनीगणिक बदलते. नुसतं 'अर्ध्या इंचाचं द्या' म्हणून आणलेला स्पिंडल नळात बसतो, पण त्यावर तुमची मूठ बसत नाही.

सगळं जोडल्यावर कॉक हळूहळू उघडा. नटापाशी पाणी दिसलं तर पाव फेरा आवळा. शेवटी नळाखाली कोरडी वाटी ठेवून झोपा. सकाळी वाटी कोरडी असेल तर काम झालं.

प्रश्न: पंखा हळू फिरतो. कपॅसिटर बदलणं सोपं असतं म्हणतात. घरच्या कामांची सुरुवात त्यानेच करू का? (जळगाव)

नको. काम लहान आहे, पण चूक झाली तर ती लहान राहत नाही. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार साठून राहू शकतो, आणि हे सगळं शिडीवर उभं राहून करायचं असतं. तुमच्या वाट्याचं काम पात्यांचं आहे. एमसीबी खाली करा, जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवा आणि दाबून मागे ओढा, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते. पात्यांचे स्क्रू आवळा. पंखा डुलत असेल तर प्रत्येक पात्याचं टोक आणि छत यांतलं अंतर टेपने मोजा. एखादं पातं बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली असेल तर ते वाकलेलं आहे. एवढं करूनही वेग वाढला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि जुन्या कपॅसिटरवर छापलेलाच आकडा नव्यावर आहे ना, ते बघा. छताच्या बहुतेक पंख्यांना तो २.५ मायक्रोफॅरड असतो. 'जास्त आकड्याचा टाकला की पंखा पळतो' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मोटर तापते.

प्रश्न: गावच्या घरात पणजोबांच्या वेळचे मोडी कागद सापडले. मोडीचा वर्ग केला, बाराखडी पाठ झाली, पण कागद समोर घेतला की एक ओळही लागत नाही. सहा महिने फुकट गेले असं वाटतं. (देवरुख)

फुकट काही गेलेलं नाही. तुमच्याकडे अक्षरं आहेत, पण वाचन अजून सुरू झालेलं नाही, आणि मोडीत या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढायचा आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लटकवत जायचा. त्यामुळे शब्द कुठे संपला हे रेघेवरून कळत नाही. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ओळ संपली की शब्द तिथेच तुटून खाली येतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. साधारणपणे इकार दीर्घ आणि उकार ऱ्हस्व लिहिलेला दिसतो. म्हणून अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्याला ओळ लागत नाही. ओळखीचे शब्द हुडकत जाणाऱ्याला लागते.

पहिली बैठक वाचायची नाही, कागद जपायचा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, सरळ वरून फोनने फोटो काढा आणि यापुढे फोटोवरच काम करा. घडीवर चिरलेला कागद जबरदस्तीने उलगडू नका. चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा डाग होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागदही कापडी रुमालांतच बांधलेले असत.

दुसऱ्या बैठकीत फक्त आकडे शोधा. मोडीतले आकडे देवनागरीच्या फार जवळ आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी काहीतरी हाती लागतं. रकमेच्या पुढे उभ्या रेघा दिसतील: एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥ म्हणजे साडेपाच. तारीख, रक्कम, जमिनीचं माप, एवढं मिळालं तरी कागद कशाबद्दल आहे याचा अंदाज येतो.

तिसऱ्या बैठकीत नावं हुडका. तुमच्या घराण्याचं आडनाव, गावाचं नाव, शेजारच्या गावांची नावं, तालुका. ही आधी स्वतः मोडीत दहा-दहा वेळा लिहा, रेघ आधी ओढूनच. हात वळला की डोळा ओळखतो. बोरू हवाच असं नाही, साधं जेल पेन चालतं. मग फोटोत ती नावं सापडतील तिथे खूण करा. एका नावातून पाच-सहा अक्षरांची त्या लेखनिकाची ढब कळते, आणि तीच पुढच्या शब्दांची किल्ली होते.

कोणता कागद आधी घ्यायचा, यावर फार काही अवलंबून आहे. गठ्ठ्यात सगळ्यात जुना कागद सगळ्यात मोलाचा म्हणून लोक तोच हातात घेतात आणि तिथेच थकतात. इंग्रजी अमलातलं, स्टॅम्पपेपरावरचं खरेदीखत किंवा गहाणखत आधी घ्या. त्यात 'लिहून घेणार', 'लिहून देणार', 'कारणे', चतुःसीमा, साक्षी अशी ठरलेली वाक्यं ठरलेल्या जागी येतात. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे चार शब्द एकापाठोपाठ सापडले की अर्धा परिच्छेद लागलाच.

पेशवाईतल्या कागदांवर अरबी शब्दांतलं शुहूर सन दिसेल. त्याला घाबरू नका, ते नुसतं पाठांतर आहे. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ११६१ मध्ये ६०० मिळवून बघा.

संगणकावर सराव करायचा असेल तर मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे आणि नोटो सान्स मोडी हा फाँट मोफत मिळतो. मात्र फाँटमधली अक्षरं सुटी आणि नीटनेटकी असतात, हातच्या लेखनात ती एकमेकांत गुंतून रूप बदलतात. फाँट बाराखडी विसरू नये म्हणून वापरा, वाचनासाठी नाही.

रोज एकच ओळ घ्या. लागलेले शब्द देवनागरीत लिहा, न लागलेल्या जागी टिंबं ठेवा आणि पुढे चला. एका शब्दावर तासभर बसू नका. तोच शब्द चार ओळींनंतर स्पष्ट अक्षरात आलेला असतो. महिन्याभराने टिंबांची पहिली ओळ पुन्हा काढून बघा. कोर्टकचेरीसाठी वाचन हवं असेल तर मात्र जाणकार लिप्यंतरकाराकडेच जा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदांवर काम करतं आहे, तिथे चौकशी करता येईल.

प्रश्न: क्रोशा शिकते आहे. चौकोनी रुमाल करायला घेतला की त्रिकोण होतो! मैत्रीण म्हणते, शाल कर, मोठ्या कामात हात बसतो. (कोल्हापूर)

मैत्रिणीला शाल करू द्या. तुम्ही १५ सेंटिमीटरचा भांडी पुसायचा रुमाल करा.

त्रिकोण होतो कारण प्रत्येक ओळीत शेवटचा टाका निसटतो. ओळीच्या टोकाचा टाका किंचित वळून आत लपतो, तो दिसत नाही म्हणून सोडला जातो, आणि दहा ओळींत दहा टाके कमी होतात. दोन सेफ्टी पिना घ्या. प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा टाका पडताक्षणी त्यात पिना अडकवा. पुढच्या ओळीत पिनेच्या टाक्यात विणल्याशिवाय वळायचं नाही. आणि ओळ संपली की टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण चौथ्या ओळीला चूक सापडली तर उसवायला अर्धं मिनिट लागतं, चाळिसाव्या ओळीला सापडली तर अख्खी संध्याकाळ जाते.

मध्यम जाडीचा, फिकट रंगाचा सुती दोरा आणि ४ मिलिमीटरची सुई घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात टाके दिसतच नाहीत, आणि लोकरीने पाणी टिपलं जात नाही. २५ साखळ्या आणि वळणाची एक, अशा २६ घाला. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड टाका), मग प्रत्येक साखळीत एक. ओळीत २५ झाले पाहिजेत. वळताना एक साखळी घाला, ती टाका म्हणून मोजू नका. रुमाल चौकोनी दिसेपर्यंत ओळी करत जा. कोपरा कर्णावर दुमडून बघितला की कळतं.

खालची कड आवळून वर फुगत असेल तर तुमच्या साखळ्या घट्ट आहेत. फक्त त्या सुरुवातीच्या साखळ्यांसाठी ५ मिलिमीटरची सुई वापरा. शेवटी दोऱ्याचं १५ सेंटिमीटर टोक ठेवून कापा आणि जाड सुईने ते टाक्यांत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओवून घ्या. नुसती गाठ मारलीत तर दोन धुण्यांत सुटेल. रुमाल पाण्यात बुडवून, पिळून, कडा हाताने ओढून चौकोनी करा आणि सपाट वाळवा. दोरीवर लटकवलात तर पुन्हा वाकडा होईल.